मालकाचा पत्ता नसलेल्या, दुर्लक्षित मधपेट्या: कोणत्या क्रमाने काय करावे

जुन्या बांधावर, नुकत्याच ताब्यात आलेल्या जागेच्या कोपऱ्यात किंवा बंद पडलेल्या बागेत गवतात बुडालेल्या दोन-चार मधपेट्या आढळतात. छप्पर एका बाजूला कललेले असते, लाकूड भुसभुशीत झालेले असते आणि तरीही दाराशी माश्यांची ये-जा चालू असते. अशा वेळी बहुतेक जण पहिल्याच दिवशी झाकण उघडतात, दुसऱ्या दिवशी पेटी आपल्या पेट्यांशेजारी आणून ठेवतात आणि तिचा मालक कोण, तिच्यात रोग आहे का, हे प्रश्न महिन्याभराने विचारतात. हा क्रम नेमका उलटा आहे. अशा पेट्यांच्या बाबतीत होणारे बहुतेक नुकसान कौशल्य कमी पडल्यामुळे होत नाही, तर योग्य काम चुकीच्या वेळी केल्यामुळे होते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. दिवसांचे आकडे मेलिफेरा (मूळ बाहेरून आणलेल्या, पेटीत पाळल्या जाणाऱ्या) जातीच्या माश्यांचे आहेत, आणि सातेरी (भारतातल्या स्थानिक जातीच्या) माश्यांच्या बाबतीत जिथे मोठा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

टप्पा १: हात न लावता नोंद करा

पहिल्या भेटीत पेटी उघडू नये, सरकवू नये आणि तिच्याभोवतीचे गवतही कापू नये. गवत कापण्याच्या यंत्राच्या कंपनाने शांत मोहोळही बिथरते, आणि ज्या मोहोळाचा स्वभाव आपल्याला ठाऊक नाही त्याची पहिली ओळख अशी होऊ नये. दारासमोरच्या उड्डाणरेषेत न येता, बाजूने, सुमारे पाच मीटरवरून पाहणी सुरू करावी आणि माश्या शांत असतील तरच जवळ जावे.

पेटीचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. पेटीचे किती कोठे (एकावर एक रचलेले लाकडी खोके) आहेत, कोणत्या कोठ्याला भेग आहे, तळपाट जमिनीला टेकला आहे का, दार कोणत्या दिशेला आहे, हे तारखेसह लिहून ठेवावे. त्यानंतर खुणा शोधाव्यात: लाकडात डागलेला क्रमांक, रंगाने लिहिलेली अक्षरे, ठोकलेली पत्र्याची पट्टी, कोपऱ्यावरची रंगाची रेघ. काही देशांत पेटीवर किंवा पेट्यांच्या जागी नोंदणी क्रमांक लावणे सक्तीचे असते आणि तो सापडला की मालकाचा शोध जवळपास संपतो. मात्र पेट्यांचे भाग हातोहात विकले जातात, त्यामुळे एकाच पेटीवर दोन वेगळे क्रमांक आढळू शकतात. अशा वेळी दोन्ही लिहून घ्यावेत.

झाकणावर वीट किंवा दगड असेल तर तोही सरकवू नये. अनेक मधपाळ वीट आडवी, उभी किंवा तिरपी ठेवून स्वतःसाठी खूण करतात, म्हणजे राणी नाही, खाद्य द्यायचे आहे, पुढच्या वेळी तपासायचे आहे असे काहीतरी. आपल्याला तो अर्थ लागणार नाही, पण मालक भेटला की त्या एका फोटोवरून तो पेटीची शेवटची अवस्था सांगू शकतो.

पडताळणी: झाकणावर शेवाळ असूनही दारासमोरचे गवत कापलेले आहे का? पेटीपर्यंत पायवाट उमटली आहे का? एखादा कोठा इतरांपेक्षा नवा आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पेटी दुर्लक्षित दिसत असली तरी कोणीतरी तिच्याकडे येत आहे असेच धरून चालावे.

टप्पा २: मालकाचा शोध आणि लेखी परवानगी

जमीन आपली म्हणून तिच्यावरची मधपेटी आपली, हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. पेटी, चौकटी (ज्यांत माश्या पोळे बांधतात त्या आत टांगलेल्या लाकडी चौकटी) आणि त्यांतील माश्या सामान्यतः ज्याने ठेवल्या त्याच्या मालकीच्या मानल्या जातात, आणि बेवारस वस्तू कधी व कशी ताब्यात घेता येते याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. म्हणून स्थानिक प्रशासनाकडे किंवा मधमाशीपालनाची जबाबदारी असलेल्या खात्याकडे तीन गोष्टी विचाराव्यात: सूचना किती दिवस लावून ठेवावी लागते, मालकाच्या अनुपस्थितीत पेटी उघडण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि कोणता रोग आढळल्यास कळवणे बंधनकारक आहे.

शोधाची सुरुवात जमिनीच्या आताच्या व आधीच्या मालकापासून करावी, मग भाडेकरू, शेजारी आणि परिसरातील मधपाळांची संघटना. ‘ही पेटी कोणाची?’ असे विचारले की बहुतेक जण खांदे उडवतात. ‘इथे माश्या ठेवू का असे विचारायला कोणी आले होते का, किंवा अधूनमधून मधाची बाटली कोणी आणून देत असे का?’ असे विचारले की बाटली हमखास आठवते आणि तिच्यामागून माणूसही आठवतो. मालक आजारी असेल, दूर गेला असेल किंवा हयात नसेल, ही शक्यता धरूनच बोलावे. घरच्यांना अनेकदा या पेट्यांची कल्पनाच नसते आणि आपल्या विचारण्यात आरोपाचा सूर आला तर दार तिथेच बंद होते.

सूचना पेटीवरच लावावी. तिच्यात तारीख, संपर्क क्रमांक, पेटी दुर्लक्षित दिसत असल्याचा उल्लेख आणि कोणत्या दिवसानंतर काय केले जाईल, एवढेच असावे. सूचना खिळ्याने ठोकू नये, कारण ठोक्याने माश्या बाहेर येतात. ती पट्ट्याखाली किंवा दोरीत अडकवावी आणि दाराच्या बाजूला नको, मागच्या बाजूला असावी. मी पहिली सूचना बॉलपेनने लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती. पिशवीच्या आत दव धरले, शाई पसरली आणि तीन आठवड्यांनी तिथे निळा डाग तेवढा उरला होता. तेव्हापासून मी शिसपेन्सिलीने जाड पुठ्ठ्यावर लिहितो. पेन्सिलीचे लिखाण उन्हाने विटत नाही आणि ओलाव्यानेही पसरत नाही.

किती दिवस थांबावे हे नियमात ठरलेले असेल तर तेवढे थांबावे. नसेल तर माझ्या मते चार आठवडे ही किमान मुदत आहे, कारण पेट्या फिरवणारा मधपाळ एका जागी महिन्यातून एकदाच येऊ शकतो. थंडीच्या काळात मधपाळ पेट्या उघडतच नाहीत, म्हणून त्या वेळी मुदत वाढवावी.

सावधान: खुणांचे सर्व फोटो सगळ्यांना दाखवू नयेत. एखादा क्रमांक किंवा रंगाची रेघ स्वतःपुरती ठेवावी आणि मालकी सांगायला येणाऱ्याला तीच विचारावी.

पडताळणी: जमीनमालकाची लेखी संमती, प्रशासनाचे उत्तर आणि सूचना लावल्याच्या तारखेचा फोटो, या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय पाचव्या टप्प्याकडे जाऊ नये. तिसरा आणि चौथा टप्पा मात्र मुदत चालू असतानाही पूर्ण करता येतो.

टप्पा ३: बाहेरून निदान

दाराशी माश्या उडत आहेत म्हणजे आत मोहोळ नांदते आहे, असे नाही. मेलेल्या मोहोळाचा मध लुटायला आलेल्या माश्यांची गर्दी निरोगी पेटीपेक्षा जास्त दिसते आणि नवशिके इथेच फसतात. त्या पेटीत रोग असेल तर तोच मध परिसरातल्या प्रत्येक पेटीत पोहोचत असतो.

लुटारू माश्या पायांवर परागाच्या गोळ्या आणत नाहीत. त्या फक्त दाराशी न थांबता भेगांशी आणि झाकणाच्या कडेशी घोटाळतात, येताना हलक्या आणि जाताना जड असतात. दाराखाली मेणाचा खरबरीत चुरा पडलेला दिसतो. नांदत्या पेटीच्या दाराशी पहारेकरी माश्या असतात आणि पराग आत जात असतो. खात्रीची वेळ म्हणजे पहाट आणि दिवस मावळल्यानंतरची. लुटारू माश्या रात्री आपापल्या घरी जातात, त्यामुळे अंधारात पेटीच्या भिंतीला कान लावल्यावर एकसंध गुणगुण ऐकू आली तर आत मोहोळ आहे. बोटाने एकदा हलकेच टकटक केल्यावर आवाज चढून लगेच खाली आला तर ते चांगले लक्षण आहे. लांबलेला, रडवेला गुंजारव राणी नसल्याची शंका निर्माण करतो, पण ती शंकाच मानावी.

दारासमोरची जमीनही वाचावी. चुरगळलेल्या पंखांच्या, उडू न शकणाऱ्या माश्या व्हरोआ माइटकडे, म्हणजे मधमाश्यांवर जगणाऱ्या परजीवी किडीकडे, बोट दाखवतात. खडूच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या किंवा काळपट, कडक अळ्या बाहेर टाकलेल्या असतील तर तो चॉकब्रूड हा बुरशीजन्य रोग असतो. दाराशी जाळी आणि काळी लेंडी दिसली तर मेणकिड्याने, म्हणजे पोळे खाणाऱ्या पतंगाच्या अळीने, आत घर केले आहे.

पेटी मृत असल्याची खात्री पटली तर तिचे दार आणि सर्व भेगा, एकही माशी आत जाणार नाही अशा बेताने, बंद कराव्यात. जमीनमालकाला आणि संबंधित खात्याला कळवून हे काम त्याच संध्याकाळी करावे. मुदत संपण्याची वाट ज्यासाठी पाहू नये असे या सगळ्या प्रक्रियेतले काम हे एकच आहे.

टप्पा ४: तयारी

पूर्ण पोशाख, जाळीदार टोपी, पायघोळात खोचलेले मोजे आणि स्मोकर (माश्यांना धूर देण्याचे भांडे) हे नेहमीचे झाले. दुर्लक्षित पेटीसाठी त्याखेरीज काही वस्तू लागतात. कुजलेला तळपाट बदलायला नवा तळपाट आणि झाकण, कोठे बांधायला दोन पट्टे, उघड्या चौकटी झाकायला ओली केलेली सुती कापडे, तुटलेली पोळी ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, लांब पात्याची सुरी, आगपेटी, टाकून देता येतील असे रबरी मोजे आणि भेगा बुजवायला चिकटपट्टी. पटाशी (झाकण व चौकटी सोडवायची लोखंडी पट्टी) या पेटीसाठी वेगळी ठेवावी किंवा काम झाल्यावर ज्योतीवर चांगली भाजून घ्यावी.

स्मोकरमध्ये सुके गवत, गोणपाट किंवा जुने सुती कापड भरावे. रंग, तेल किंवा औषध लागलेले कापड वापरू नये. धूर पांढरा आणि तळहाताला गार लागला पाहिजे. पेटीजवळ जाण्याआधी स्मोकर दहा मिनिटे तरी न विझता चालला पाहिजे. अर्ध्या कामात विझलेला स्मोकर आणि उघडे पडलेले चिडके मोहोळ, ही जोडी एकदा अनुभवली की पुन्हा इंधनात कुचराई होत नाही.

दिवस उबदार, कोरडा आणि वारा नसलेला निवडावा. तापमान किमान १५ अंश सेल्सियस असावे आणि वेळ दुपारची असावी, कारण तेव्हा वयस्क, जास्त डंख करणाऱ्या माश्या बाहेर गेलेल्या असतात. परिसरात फुले असतील असाच काळ निवडावा. फुले नसताना उघडलेली पेटी म्हणजे लुटीचे आमंत्रण होय.

सावधान: एकट्याने जाऊ नये. सोबतचा माणूस दूर उभा असावा आणि त्याच्याकडे फोन असावा. डंख झाल्यास नांगी नखाने लगेच खरवडून काढावी, कारण ती त्वचेत राहिली तर विष सोडत राहते. श्वास लागणे, ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर काम सोडून तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. ज्यांना पूर्वी अशी प्रतिक्रिया आली आहे त्यांनी हे काम करू नये.

टप्पा ५: पेटी उघडणे

दारातून तीन-चार झोत धूर देऊन दोन मिनिटे थांबावे. धुराने माश्यांचा धोक्याचा गंध झाकला जातो आणि त्या मध पोटात भरू लागतात, पण त्यासाठी त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो. त्या दोन मिनिटांत पट्टा पेटीखालून घेऊन कोठे तळपाटासकट सैलसर बांधावेत.

हे बांधणे मी एकदा वगळले होते. वरचा कोठा उचलला तेव्हा खालच्या कोठ्याच्या चौकटी त्याला चिकटून वर आल्या, कुजलेल्या दांड्या सुटल्या आणि दोन पोळी पिल्लांसकट (अंडी, अळ्या आणि कोष) गवतात पडली. त्या क्षणी पिकलेल्या केळ्यासारखा वास आला. तो माश्यांच्या धोक्याच्या गंधाचा असतो आणि तो आला की पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होणार हे ठरलेले असते. पेटी झाकून, धूर देत, न पळता मागे सरकणे एवढेच त्या वेळी करण्यासारखे असते.

झाकण प्रोपोलिसने, म्हणजे माश्यांनी जमवलेल्या डिंकासारख्या चिकट पदार्थाने, चिकटलेले असते. पटाशी एका कोपऱ्यात घालून हळू दाब द्यावा, सांधा सुटल्याचा आवाज आला की फटीतून धूर द्यावा आणि मग दुसऱ्या कोपऱ्याकडे जावे. झाकणाची आतली बाजू टाकून देण्याआधी नीट पाहावी. अनेक मधपाळ शेवटच्या तपासणीची तारीख आणि शेरा तिथेच पेन्सिलीने लिहितात.

दहा चौकटींचा खोल कोठा मधाने पूर्ण भरला तर ३५ ते ४० किलोपर्यंत वजनाचा होतो. तो एकट्याने उचलू नये. वरचा कोठा न उचलता आधी कडेला किंचित तिरपा करून खाली पाहावे. खालच्या चौकटी वर येत असतील तर दोन कोठ्यांमध्ये बारीक तार घालून करवतीसारखी ओढावी.

चौकटी काढताना कडेच्या चौकटीपासून सुरुवात करावी, मधली चौकट आधी ओढू नये. माश्या ६ ते ९ मिलिमीटरची फट मोकळी ठेवतात, त्याहून मोठ्या जागेत पोळे बांधतात आणि लहान जागा प्रोपोलिसने बुजवतात. वर्षानुवर्षे न उघडलेल्या पेटीत चौकटी एकमेकींना जोडलेल्या असतात त्या यामुळेच. एकही चौकट सुटत नसेल तर जोर करू नये. तळाकडून आणि फटीतून जेवढे दिसेल तेवढे पाहून, पेटी बंद करून, आठव्या टप्प्यातली संथ रीत वापरावी.

सावधान: रिकाम्या दिसणाऱ्या पेटीत उंदीर, गांधीलमाश्या, विंचू किंवा साप असू शकतो. तळपाट उचलताना बोटे खाली घालू नयेत, पटाशीने तो आपल्यापासून दूरच्या बाजूने उचलावा.

टप्पा ६: रोगाची तपासणी

संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि बहुतेक जण ‘माश्या तर छान दिसतात’ असे म्हणून तो गुंडाळतात. शोध मुख्यतः अळ्या कुजवून मारणाऱ्या एका रोगाचा घ्यायचा आहे: अमेरिकन फाउलब्रूड. तो पेनिबॅसिलस लार्व्ही या जिवाणूमुळे होतो, त्याचे बीजाणू जुन्या पोळ्यात, मधात आणि लाकडात अनेक दशके जिवंत राहतात आणि प्रौढ माश्यांकडे पाहून तो ओळखता येत नाही. अनेक देशांत तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

जिवंत मोहोळात पिल्लांच्या पोळ्यातील कप्प्यांवरची मेणाची झाकणे पाहावीत. निरोगी झाकणे कोरडी, किंचित फुगीर आणि एकसारखी असतात. आत दबलेली, तेलकट, काळपट, मध्येच भोक पडलेली झाकणे आणि विस्कळीत पिल्ले दिसली तर काडीची चाचणी करावी. आगकाडीचे मागचे टोक संशयित कप्प्यात घालून ढवळावे आणि सावकाश बाहेर ओढावे. तपकिरी, चिकट द्रव तुटण्याआधी दोन-तीन सेंटिमीटर लांब तार धरत असेल तर अमेरिकन फाउलब्रूडचा दाट संशय घ्यावा. वापरलेली काडी स्मोकरमध्येच जाळावी. युरोपियन फाउलब्रूड या अळ्यांच्या दुसऱ्या रोगात अळ्या बहुधा झाकण बसण्याआधीच पिवळट होऊन, वेड्यावाकड्या पडून मरतात आणि सहसा अशी लांब तार येत नाही. सातेरी माश्यांत आढळणाऱ्या सॅकब्रूड या रोगात मेलेली अळी डोके वर करून, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसते आणि अख्खी बाहेर काढता येते.

मृत पेटीत ओल्या अळ्या नसतात, म्हणून काडीची चाचणी तिथे उपयोगाची नाही. दुर्लक्षित पेट्यांत बहुतांश चूक इथेच होते: काडीला तार आली नाही म्हणून पेटी स्वच्छ ठरवली जाते. तिथे वाळलेल्या खपल्या शोधाव्या लागतात. ऊन पाठीमागून खांद्यावरून पोळ्यावर पडेल असे उभे राहावे, चौकटीची वरची दांडी आपल्याकडे कलवावी आणि कप्प्यांची खालची भिंत दिसेल अशा कोनात ती हळूहळू फिरवावी. काळी, कडक, कप्प्याच्या खालच्या भिंतीला आडवी चिकटलेली आणि कप्पा फाडल्याशिवाय न निघणारी खपली ही या रोगाची खूण आहे. सहज निघणारी, रबरासारखी खपली बहुधा युरोपियन फाउलब्रूडची असते. जुन्या, काळ्या पोळ्यात ही खपली पोळ्याच्याच रंगाची असल्यामुळे एका नजरेत दिसत नाही. एका चौकटीला मी तीन-चार मिनिटे देतो, आणि ढगाळ दिवशी ही तपासणी करतच नाही.

व्हरोआसाठी पिल्लांच्या चौकटीवरून सुमारे ३०० माश्या, म्हणजे अर्धा कप, राणी त्यांत नाही हे दोनदा पाहून, अल्कोहोलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात हलवाव्यात आणि सुटलेले माइट मोजावेत. संख्येला तीनने भागले की शेकडा प्रमाण मिळते. ते ३ किंवा अधिक असेल तर उपचाराची गरज आहे. ‘इतकी वर्षे औषधाशिवाय टिकले, म्हणजे हे मोहोळ रोगप्रतिकारक आहे’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. मोहोळ मरून पुढच्या हंगामात त्याच पेटीत दुसरा थवा येऊन बसणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

राणीही पाहावी. ती दिसली नाही तरी कप्प्याच्या तळाशी उभे असलेले एकेक अंडे दिसले की पुरे, कारण अंडे तीन दिवसांत फुटते आणि म्हणून तीन दिवसांपूर्वी राणी नक्की होती. एका कप्प्यात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि कामकरी माश्यांच्या कप्प्यांवर घुमटासारखी उंच झाकणे दिसली तर राणी गेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालत आहेत.

राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका असेल तर तो मालकाच्या शोधातला भक्कम पुरावा आहे. प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार १ किंवा ६ ने संपणाऱ्या वर्षी पांढरा, २ किंवा ७ साठी पिवळा, ३ किंवा ८ साठी लाल, ४ किंवा ९ साठी हिरवा आणि ५ किंवा ० साठी निळा रंग लावतात. राणी फार तर चार-पाच वर्षे जगते, म्हणून ठिपका असलेली राणी म्हणजे एवढ्या काळात कोणीतरी ही पेटी हाताळली आहे. ठिपका नसण्याला मात्र काहीच अर्थ नाही, कारण थवा बाहेर पडला किंवा माश्यांनी राणी बदलली की नवी राणी बिनठिपक्याचीच असते.

टप्पा ७: निर्णय

अमेरिकन फाउलब्रूडचा संशय असेल तर पेटी बंद करावी, दार अरुंद करावे, काहीही तिथून हलवू नये आणि संबंधित खात्याला कळवावे. मोहोळ मारून, पेटी-चौकटी खड्ड्यात जाळून, राख मातीखाली पुरणे हा अनेक ठिकाणचा विहित उपाय आहे, पण तो स्वतःच्या निर्णयाने करू नये. मालकाची वस्तू आपण पुराव्यासकट नष्ट केली असे त्यातून होऊ शकते. प्रतिजैविके देऊन रोग दाबण्याचा विचारही करू नये. त्यांनी लक्षणे झाकली जातात, बीजाणू मरत नाहीत.

रोग नसेल आणि मोहोळ शांत व सशक्त असेल तर पुढचा टप्पा. मूठभर माश्यांचे, राणी नसलेले मोहोळ वाचवण्यात मी वेळ घालवत नाही आणि इतरांनीही घालवू नये असे माझे मत आहे. मोहोळ सशक्त पण अतिशय डंखरे असेल आणि वस्ती किंवा रस्ता जवळ असेल तर राणी बदलण्याचे काम अनुभवी मधपाळाकडे द्यावे. नवी राणी स्वीकारली गेली की जुन्या माश्या संपून स्वभाव बदलायला सुमारे दोन महिने लागतात, तोवर पेटी लोकांच्या वाटेपासून दूर हवी.

टप्पा ८: चांगल्या पेटीत नेणे

संथ रीत बहुतेक वेळा श्रेयस्कर ठरते. जुना कोठा नव्या तळपाटावर ठेवावा आणि त्यावर चौकटी भरलेला नवा कोठा ठेवावा. फुलोऱ्याच्या काळात राणी स्वतःहून वर येते, नाहीतर वरून साखरेचा पाक द्यावा. वरच्या कोठ्यात राणी प्रत्यक्ष दिसली की दोन कोठ्यांमध्ये राणी अडवणारी, त्या जातीच्या मापाची जाळी बसवावी. नर माश्या त्या जाळीतून जाऊ शकत नाहीत, म्हणून खालचे दार उघडेच ठेवावे आणि वरच्या कोठ्यालाही एक लहान वाट द्यावी. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर येतो. त्यामुळे २४ दिवसांनी खालचा कोठा पिल्लांविना काढता येतो.

पडताळणी: जाळी बसवल्यानंतर चार-पाच दिवसांनी वरच्या चौकटींत ताजी अंडी आहेत का ते पाहावे. वर अंडी नसतील तर राणी खालीच अडकली आहे, आणि हे न पाहता २४ दिवस मोजत बसणारे राणीसकट जुना कोठा बाजूला काढतात.

पेटी इतकी मोडकी असेल की २४ दिवस टिकणार नाही, तेव्हाच पोळी कापून नव्या चौकटींत बांधावीत. फक्त पिल्लांची पोळी घ्यावीत, वरची बाजू वरच ठेवावी, रबराने किंवा सुती दोऱ्याने बांधून कोठ्याच्या मध्यभागी सलग लावावीत. मधाची पोळी बांधू नयेत. ती वजनाने सुटतात, मध गळतो आणि लूट सुरू होते. सातेरी माश्यांना एवढी ढवळाढवळ सहन होत नाही, त्या पेटी सोडून निघून जातात. त्यांच्यासाठी संथ रीतच वापरावी.

टप्पा ९: जागा बदलणे

तपासणीनंतर लगेच पेटी हलवू नये. चौकटींचे सांधे आपण सैल केलेले असतात आणि वाटेतल्या धक्क्यांनी पोळी एकमेकांवर आपटून राणी चिरडली जाऊ शकते. चार-पाच दिवसांत माश्या सांधे पुन्हा प्रोपोलिसने पक्के करतात, तोवर थांबावे.

अंतर एक मीटरच्या आत किंवा साधारण पाच किलोमीटरच्या पुढे असावे. मधल्या अंतरावर नेलेल्या पेटीच्या माश्या जुन्या जागी परत जातात आणि तिथे गोळा होऊन मरतात. दार अंधार पडल्यावर जाळीने बंद करावे, लाकडाने किंवा मातीने नव्हे, कारण हवेअभावी मोठे मोहोळ तासाभरात गुदमरू शकते. दोन पट्टे आवळावेत आणि चारचाकी वाहनात चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर ठेवाव्यात. नवी जागा आपल्या इतर पेट्यांपासून दूर असावी आणि किमान एक पूर्ण पिल्लांची फेरी, म्हणजे तीन ते चार आठवडे, चौकटींची अदलाबदल करू नये. त्या काळात सहाव्या टप्प्यातली तपासणी पुन्हा करावी.

टप्पा १०: उरलेला मध, मेण आणि लाकूड

अशा पेटीतला मध खाऊ नये आणि तो इतर माश्यांनाही देऊ नये. आत माइटवरची कोणती औषधपट्टी किती वर्षे राहिली हे आपल्याला माहीत नसते, आणि रोगाचे बीजाणू मधातूनच पसरतात. मेणात माइटनाशके साठून राहतात, म्हणून काळी पोळी वितळवून माश्यांसाठी मेणपत्रे (पोळे बांधायला चौकटीत लावायचे मेणाचे पातळ पत्रे) करणेही टाळावे.

मेणकिडा लागलेल्या पण रोगमुक्त चौकटी उणे १८ अंशांखाली दोन दिवस गोठवल्या की किड्याची अंडीही मरतात. लाकूड खरवडून, धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणाने घासून, वाळल्यावर आतून ज्योतीने तपकिरी होईपर्यंत भाजावे. खरवडलेला चुरा तिथेच सोडू नये, तो गोळा करून जाळावा.

काढलेला प्रत्येक कोठा, बदललेला प्रत्येक भाग, झालेला खर्च आणि केलेला उपचार तारखेसह त्याच वहीत लिहावा, जिच्यात पहिल्या दिवशीचे फोटो आणि खुणा नोंदल्या आहेत. क्रमांक किंवा खूण असलेली मूळ फळी मोडकी असली तरी जाळू नये. ती सोड्याने धुऊन, भाजून, कापडात गुंडाळून बाजूला ठेवावी. फळी रोगट पेटीची असेल आणि खात्याने जाळायला सांगितले असेल तर आधी मोजपट्टीसह तिचे फोटो घ्यावेत. दोन वर्षांनी मालक दारात उभा राहिला तर त्याला दाखवायला हीच वही आणि हीच फळी लागते.